रजेच्या काळातला पत्ता

त्या दिवशी रंगनाथ कुटेंच्या दारात एका गोऱ्या जोडप्याची गाडी पंक्चर झाली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. रंगनाथ अजूनही त्या खिळ्याबद्दल असा बोलतो, की जणू तो कुणीतरी अर्ज करून मंजूर करून घेतला होता.

नगरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्याचं घर. अरणगावच्या समाधीला येणारे परदेशी लोक याच रस्त्यानं जायचे, त्यामुळं गोरा माणूस दिसला म्हणून कुणी खिडकीत येत नसे. पण ही गाडी वेगळी होती. नवऱ्यानं चाक बदललं, हात पुसले आणि गाडीच्या आत जाऊन चक्क स्टोव्ह पेटवला. रंगनाथची बायको छबूबाई पाण्याचा तांब्या घेऊन गेली होती, तिनं आत डोकावून पाहिलं. एक गादी, एक स्टोव्ह, आकड्याला टांगलेले दोन कप आणि खिडकीला पडदा. बस्स. गोरी बाई गाडीच्या पायरीवर बसली होती. छबूबाईनं गालाखाली हात जोडून खुणेनं विचारलं, की मुक्काम कुठं? त्या बाईनं हसून आपल्याशेजारी पायरीवर दोनदा थाप मारली. म्हणजे इथंच. तेवढ्यात आतून नवऱ्यानं चहाचा कप पुढं केला. तिनं तो घेतला आणि कुठंही न बघता, कसलीही घाई न करता प्यायली. तिचा चहा संपेपर्यंत छबूबाई रिकामा तांब्या घेऊन उभी होती.

पाचव्या दिवशी रंगनाथच्या ताटात भाकरी वाढताना ती म्हणाली, "अहो, कुणाकडंच उतरायचं नाही, असं कधी जायचं का आपण?"

प्रश्न साधा होता, पण रंगनाथचा घास हातात राहिला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि या बावीस वर्षांत ते दोघं पुष्कळ हिंडले होते. पण प्रत्येक गावाला कुणीतरी आपलं होतं. रिक्षातून उतरलं की रंगनाथ ओसरीवर बसायचा आणि छबूबाई पदर खोचून सरळ आत जायची, कारण सून म्हणा, वहिनी म्हणा, मामी म्हणा, आलेल्या बाईनं आत जायचं असतं. नाशिकची गोदावरी तिनं मावशीच्या घरच्या हंड्यात पाहिली होती. चार तालुक्यांतल्या चुली तिला तोंडपाठ होत्या. कुठली धुरावते आणि कुठलीला एक वीट कमी आहे, हे ती झोपेत सांगेल.

"जाऊ की," रंगनाथ म्हणाला. "भंडारदऱ्याला जाऊ. धरण बघू. चार दिवस गाडीतच राहू."

"स्वयंपाक?"

"नुसता चहा. बाकी बांधून न्यायचं. आणि चहा मी करीन."

छबूबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि त्याला दुसऱ्यांदा तूप वाढलं. तूप परत घेता येत नाही, आणि रंगनाथला त्याच क्षणी कळलं की शब्दही आता परत घेता येणार नाही.

गाडी मिळाली कानिफनाथ मिस्त्रीकडं. कानिफनाथचं गॅरेज होतं आणि त्याचे सगळे अर्ज, विनंत्या आणि खुलासे गेली दहा वर्षं रंगनाथ लिहून देत होता. त्यानं कुठल्याशा खात्याच्या लिलावात एक जुनी प्रचाराची व्हॅन घेतली होती आणि ती पडून होती.

"घिवून जा साहेब चार दिस," कानिफनाथ म्हणाला. "गाडी लई गुनाची हाय. फकस्त बिरेक जरा लवकर दाबायचा. म्हंजी थांबायचं ठरलं की न्हाई, ठरायच्या आदीच."

रंगनाथकडं लायसन होतं. पाच वर्षांपूर्वी कचेरीतल्या ड्रायव्हरच्या नादानं त्यानं ते काढलं होतं आणि तेव्हापासून पेटीत रेशीमकापडात गुंडाळून ठेवलं होतं. गाडीवर कुटुंबनियोजनाचं मोठं लाल त्रिकोणाचं चित्र होतं. कानिफनाथनं त्यावर पिवळ्या रंगाचे दोन हात मारले. त्रिकोण नारिंगी दिसायला लागला. तिसरा हात मारला, तेव्हा तो जरा गुलाबी झाला आणि आधीपेक्षा लांबून दिसू लागला.

गाडी दारात उभी राहिल्यावर शेजारी येणारच. पलीकडच्या बायडाबाई पहिल्यांदा आल्या. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, आत गादी पाहिली, स्टोव्ह पाहिला आणि विचारलं, "वास्तुशांत कधी?"

"गाडीची कसली वास्तुशांत? नारळ फोडायचा," अलीकडचे श्रीमंत तात्या म्हणाले. तात्या तहसिलीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही गोष्टीचं खातं ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"ऱ्हायचं आन् शिजवायचं जिथं, त्ये घर," बायडाबाई म्हणाल्या. "चाकं असली म्हून काय झालं? शांत नको का?"

हा वाद दोन दिवस चालला. शेवटी तडजोड अशी झाली, की नारळ तर फोडायचाच, पण स्टोव्ह मात्र आग्नेय कोपऱ्यात ठेवायचा. रंगनाथनं तात्यांच्या नातवाचं होकायंत्र आणून स्टोव्ह आग्नेयेला बसवला, खाली पत्र्याचा तुकडा ठोकला, बाजूला रॉकेलचं टिन लटकवलं. संध्याकाळी कानिफनाथ ग्रीसिंगला गाडी घेऊन गेला आणि परत आणताना तोंड उलटं करून उभी केली. स्टोव्ह वायव्येला गेला. बायडाबाई सकाळी आल्या, पाहिलं, आणि घरी निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी विरजणसुद्धा मागितलं नाही.

सल्ले थांबले नाहीत. तात्यांनी शिधापत्रिका, दोरखंड, कंदील आणि घराच्या उताऱ्याची नक्कल बरोबर ठेवायला सांगितली. नक्कल कशाला, असं विचारल्यावर ते म्हणाले, "तुम्हाला घर आहे हे सिद्ध करायला. गाडीत राहणाऱ्या माणसाला लोक काय समजतात?" रंगनाथ तेव्हा हसला होता. पुढं त्याला ते हसणं आठवलं.

गाडी रोज भरत होती. रंगनाथ संध्याकाळी दोन वस्तू ठेवायचा आणि छबूबाई सकाळी तीन काढायची. पाटा-वरवंटा तिनं तीनदा काढला.

"राहू दे की. लागला तर?"

"चटणीच वाटायची असती तर घरी काय वाईट होतं?"

मग रविवारी गाडी चालवून बघायची म्हणून दोघं निंबळकच्या बाजूला गेले. गाडी गावात शिरली आणि पारावरची माणसं उठून गेली. दुकानं बंद झाली नाहीत, पण दुकानदार आत गेले. रंगनाथनं एका म्हाताऱ्याला पाणी मागितलं, तर त्यानं दोन्ही हात जोडले. "सायेब, आमचं गेल्या सालीच झालंय. हवं तर मामलेदाराला इचारा." रंगनाथनं त्याला समजावलं, की आम्ही त्यातले नाही, आम्ही फिरायला निघालोय. म्हाताऱ्यानं त्रिकोणाकडं पाहिलं, छबूबाईकडं पाहिलं आणि म्हणाला, "व्हय, व्हय, सगळे असंच म्हनत्यात." परत येताना छबूबाई इतकी हसली, की रंगनाथला अपमान झाल्यासारखं वाटलं, पण तिला असं हसताना त्यानं पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून त्यानं तो अपमान गिळला.

खरी अडचण आली ती कचेरीत.

रंगनाथ नगरमधल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होता. आलेला कागद आवक रजिस्टरात, गेलेला कागद जावक रजिस्टरात. मधे कागदाचं काय होतं, हे एकोणीस वर्षांत त्याला कळलं नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं. पण एक श्रद्धा त्याच्या अंगात मुरली होती. तोंडी सांगितलेलं माणूस विसरतो किंवा भलतंच समजतो. लेखी कळवलं की त्याच्या डोक्यात स्वच्छ उजेड पडतो. म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून चार दिवसांच्या रजेचा अर्ज त्यानं फार सुंदर अक्षरात लिहिला.

हेडक्लार्कनं अर्ज वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'रजेच्या काळातील पत्ता.' समोर रंगनाथनं गाडीचा नंबर लिहिला होता.

"हा पत्ता आहे का?"

"आम्ही गाडीतच राहणार आहोत."

"गाडी कुठं राहणार आहे?"

"आम्ही जिथं असू तिथं."

हेडक्लार्कनं चष्मा काढला. माणूस चांगला होता, पण फॉर्ममधली रिकामी जागा त्याला दुखऱ्या दातासारखी वाटायची. "कुटे, उद्या तुमच्या नावानं पत्र काढायचं झालं तर तुम्हीच ते जावकला चढवणार. सांगा, पत्त्यावर काय लिहाल?"

एवढा बिनतोड मुद्दा रंगनाथपुढं कुणी कधी टाकला नव्हता. त्यानं तिथंच बसून रस्त्यावरच्या गावांची नावं लिहिली आणि प्रत्येक गावापुढं 'मार्फत' लिहून तिथल्या नातेवाइकाचं नाव घातलं. राहुरीला लंकाबाई आत्या. थोडं आडवाटेला, पण पुणतांब्याला चुलतभाऊ काकासाहेब. रजा मंजूर झाली.

आता या माणसांना कळवायला नको का? त्यांच्या दारात उद्या सरकारी पाकीट पडलं तर? शिवाय आत्याच्या दारावरून जायचं आणि आत जायचं नाही, ही गोष्ट वाऱ्यानं कळण्यापेक्षा टपालानं कळलेली बरी. रंगनाथनं घरी जाताना पोस्टातून कार्डं घेतली आणि सगळ्यांना एकच मजकूर लिहिला:

'सा. न. वि. वि. कळविण्यात येते की आम्ही उभयता येत्या गुरुवारी आपल्या गावावरून जाणार आहोत, परंतु आपल्याकडे उतरणार नाही. यापुढे गाडीतच राहण्याची सोय केली आहे. माझ्या नावे कचेरीचे पत्र आल्यास कृपया ठेवून घ्यावे. गैरसमज नसावा. कळावे.'

वाचून त्याला समाधान वाटलं. मग त्याच्या मनात आलं, की तिसगावच्या सूर्यभानमामाला हे दुसऱ्यांकडून कळलं तर मामा वाईट वाटून घेईल. तिसगाव अगदी उलट्या दिशेला. तरीही त्यानं एक कार्ड मामाला लिहिलं, आणि अधिक खुलासा म्हणून शेवटी एक ओळ जोडली, की 'आपल्या गावाकडे तर येण्याचा प्रश्नच नाही.'

हे त्यानं छबूबाईला सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. कार्डं टाकली की त्याच्या दृष्टीनं काम संपत असे.

गुरुवार उजाडला. छबूबाईनं पहाटेच चूल सारवली, भांडी पालथी घातली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. नवं इरकल नेसली. एक पिशवी, एक चटई, दोन कप. साडेआठला तिनं दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. एवढं सावकाश कुलूप लावताना रंगनाथनं कुणाला पाहिलं नव्हतं. गाडी तिसऱ्या हॅंडलला सुरूही झाली.

आणि फाटकातून लंकाबाई आत्या आत आली.

सत्तरीची आत्या, मागं तिचा मुलगा आणि भावकीतले दोघं. तिनं रंगनाथला पाहिलं, दाराचं कुलूप पाहिलं, गाडीतली गादी पाहिली आणि हंबरडा फोडला. "रंग्या, आरं मी जित्ती हाय ना! घर गेलं तर माझ्या दारात यायचं सोडून गाडीत ऱ्हातूस व्हय रं?"

"आत्या, घर कुठं गेलंय? हे काय घर!"

"मंग कुलूप कुनी लावलं?"

तो उत्तर देतो आहे तोवर स्टेशनकडून काकासाहेब आला. बरोबर दोन मेहुणे, बाजरीचं पोतं, पेरूची पाटी आणि पुणतांब्यात कोर्टाची माहिती असलेला एक गृहस्थ. काकासाहेबानं रंगनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली घेतला. "रंगनाथा, सस्पेन झाला म्हून काय झालं? मोठ्या मोठ्यांना हुतंय. पत्र माझ्याकडं आलं तर म्या घ्यायचंच न्हाई. घेतलं न्हाई तर लागू हुत न्हाई, ह्यांनी सांगितलंय." कोर्टाच्या गृहस्थानं मान हलवली.

रंगनाथनं कार्ड मागून घेतलं आणि स्वतःचं अक्षर पुन्हा वाचलं. यापुढे गाडीतच राहण्याची सोय केली आहे. कचेरीचे पत्र आल्यास ठेवून घ्यावे. एकही शब्द चुकीचा नव्हता. अक्षर तर फारच चांगलं होतं.

दहाच्या सुमाराला तिसगावहून सूर्यभानमामा आला, बरोबर गावातले दोन दांडगे गडी घेऊन. मामा रडलाबिडला नाही. सरळ म्हणाला, "माझं काय चुकलं त्ये सांग. कोन काय बोललं त्येचं नाव सांग. येन्याचा प्रश्नच न्हाई म्हंजी काय?"

अकरा माणसं. त्यांना खरं काय ते समजावायला रंगनाथला पाऊण तास लागला, आणि तात्यांना घराच्या उताऱ्याची नक्कल घेऊन साक्षीला यावं लागलं. कागद बघितल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आत्या रंगनाथच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. एका कार्डावर अकरा माणसं कामधाम सोडून, पोतं उचलून धावत आली होती. उद्या खरोखर घर गेलं असतं तरी माणूस उघड्यावर पडला नसता. ही गोष्ट त्याला मनापासून सुखाची वाटली आणि त्या सुखाच्या भरात तो म्हणाला, "आता आलाच आहात, तर जेवूनच जा."

छबूबाईनं कमरेची किल्ली काढली.

कुलूप उघडलं. पालथी भांडी उताणी झाली. सारवलेल्या चुलीत जाळ झाला. पहिला चहा झाला, मग ज्यांना साखर कमी लागते त्यांचा दुसरा झाला. ओसरीवर गप्पा रंगल्या. मामानं तंबाखू मळत आत बघून हाक दिली, "पोरी, लई काय करू नगं. साधं पिठलं-भाकरी टाक. आन् खरडा."

आत परात वाजली, आणि मग थांबली.

छबूबाई बाहेर आली. तिनं हात धुतले, पदराला पुसले. ओसरीवरून सगळ्यांच्या मधून चालत गेली, गाडीत चढली आणि दार ओढून आतून कडी घातली. खिडकीचा पडदाही सरकला.

रंगनाथ लोकांकडं बघून हसला आणि गाडीजवळ गेला.

"अगं," तो हळू म्हणाला, "घरात अकरा माणसं आहेत."

"कुणाच्या घरात?"

"आपल्या."

"मी घरात नाही," आतून छबूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, हे त्याला जास्त अवघड वाटलं. "मी भंडारदऱ्याला गेलेय. गुरुवारी सकाळी निघणार होते, निघाले."

"लोक काय म्हणतील?"

"त्यांना लेखी कळवा."

रंगनाथ परत वळला, तर आत्या काठी टेकत समोर उभी. आत्या आता सुनेला चार शब्द सुनावणार, या आशेनं त्यानं वाट दिली. आत्यानं दारावर काठीनं टकटक केलं.

"छबे, आत किती जागा हाय गं?"

"दोघींपुरती."

"मंग उघड. म्या बी आजवर कुटं गेली न्हाई."

कडी निघाली, आत्या चढली, कडी पुन्हा लागली.

आता ओसरीवर दहा पुरुष आणि अकरावा रंगनाथ. आत चूल पेटलेली, परातीत बाजरीचं पीठ. सगळे एकमेकांकडं बघू लागले. काकासाहेब म्हणाला, की त्यानं जन्मात भाकरी थापली नाही, फक्त बाजरी पिकवली आहे. कोर्टाच्या गृहस्थानं आपल्याला पुणतांब्याची गाडी गाठायची असल्याचं सांगितलं, पण गाडीला चार तास होते. शेवटी तिसगावच्या दांडग्या गड्यांपैकी एकजण उठला. तो दरसाल ऊसतोडीला जायचा आणि तिथं फडावर भाकरी भाजायचा. "व्हा बाजूला," तो म्हणाला, आणि बसला. मामानं मिरच्या घेतल्या. पाटा-वरवंटा कुठं आहे, अशी विचारणा झाली. रंगनाथनं तो गाडीत चौथ्यांदा ठेवला होता. आत्यानं तो खिडकीतून अर्धा बाहेर काढून दिला, आणि चौघांनी तो उतरवून घेतला. भिंतीपलीकडून बायडाबाई हे सगळं बघत होत्या, पण त्यांनी एकही सल्ला दिला नाही.

रंगनाथनं चहा टाकला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पाणी किती, साखर किती, हे त्याला कुणी लेखी दिलेलं नव्हतं. आधण दोनदा उतू गेलं. तिनं बांधून घेतलेल्या कपांपैकी एक आणायला तो गाडीशी गेला, तर पडद्याच्या फटीतून कप न मागता बाहेर आला.

चहा घेऊन तो परत गेला, तेव्हा दार उघडं होतं. आत गादीवर आत्या घोरत होती. छबूबाई पायरीवर बसली होती, नव्या इरकलात, पाय मोकळे सोडून. त्यानं कप पुढं केला. तिनं घेतला, आणि कुठंही न बघता प्यायला लागली.

तो मग म्हणाला, "हे जेवून चारपर्यंत जातील. आपण उद्या पहाटे निघू. कुणाला कळवत नाही."

"कशाला? धरण थोडंच बघायचं होतं मला."

ओसरीवरून सूर्यभानमामा मिरच्यांच्या हातानं डोळे पुसत ओरडला, "पोरी, मंग मुक्काम कुटं म्हनायचा तुझा?"

छबूबाईनं शेजारी पायरीवर दोनदा थाप मारली. मामाला सांगत होती की नवऱ्याला बोलवत होती, हे रंगनाथला कळलं नाही. तो बसला.

"साखर जास्त झालीय," ती म्हणाली, आणि सगळा चहा प्यायली.